ॲब्लेशनच्या वेळी व्हीआर हेडसेट लावल्याने रुग्णाचा त्रास खरोखर कमी होतो का?

आपल्या वडिलांच्या ॲब्लेशनच्या (हृदयाचे बिघडलेले ठोके सुधारण्यासाठी हृदयातील छोटा भाग निकामी करण्याच्या उपचाराच्या) वेळी व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर लावून आभासी जग दाखवणारे उपकरण) लावण्याचा पर्याय डॉक्टरांनी दिला आहे, तो नुसता देखावा तर नाही ना, आणि त्यामुळे गुंगीचे औषध टाळले जाईल का, असे आपण विचारले आहे. मी कॅथलॅबमध्ये, म्हणजे असे हृदयोपचार जिथे होतात त्या कक्षात, परिचारिका आहे. माझ्या मते त्याचा उपयोग होतो, पण औषधाच्या जोडीने, त्याऐवजी नव्हे.

अनेक ठिकाणी ॲब्लेशन पूर्ण भूल न देता करतात. जांघेतील शिरेतून कॅथेटर, म्हणजे बारीक लवचिक नळी, हृदयापर्यंत नेतात. ती जागा बधिर केलेली असते, तरी हृदयाच्या आत उष्णता किंवा थंडी दिली जात असताना छातीत दुखू शकते. त्याहून अवघड असते ते अरुंद टेबलावर काही तास न हलता उताणे पडून राहणे, कारण पाठ अवघडते, यंत्रे वाजत राहतात आणि प्रत्येक आवाजाचा अर्थ लावता लावता रुग्णाचे मन धास्तावते. भीती वाढली की तेच दुखणे अधिक बोचते.

हेडसेट नेमका इथेच कामी येतो. वेदना जाणवायलाही लक्ष लागते आणि आपले लक्ष मर्यादित असते; हेडसेटमधले दृश्य ते गुंतवून ठेवते. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी १९९० च्या दशकात भाजलेल्या रुग्णांच्या जखमांची देखभाल करताना हा उपाय वापरून पाहिला आणि पुढे त्यांच्यासाठी ‘स्नोवर्ल्ड’ हे बर्फाळ आभासी जग तयार झाले. नंतर निरोगी व्यक्तींवर केलेल्या मेंदूच्या एफएमआरआय तपासणीत (मेंदूचा कोणता भाग किती काम करतो हे दाखवणाऱ्या), आभासी जगात गुंतलेले असताना वेदनेशी संबंधित भागांतील क्रिया मंदावल्याचे दिसले. म्हणूनच मी याला देखावा म्हणणार नाही.

दृश्य मात्र शांत हवे, मान वळवायला लावणारे नको, कारण रुग्ण हलला तर उपचारासाठी संगणकावर तयार केलेला हृदयाचा नकाशा बिघडतो. आवाजही बेताचा हवा. छातीत दुखू लागले किंवा श्वास लागला तर वडिलांनी ते लगेच सांगायला हवे आणि आमचे बोलणेही त्यांना ऐकू यायला हवे. अपस्मार असल्यास, प्रवासात मळमळत असल्यास किंवा ऐकू कमी येत असल्यास आधीच कळवा. शक्य असल्यास आदल्या दिवशी हेडसेट दहा मिनिटे लावून बघू द्या, आणि नको वाटल्यास तो मध्येच काढता येईल हे त्यांना स्पष्ट सांगा. एवढे कळले तरी पुष्कळ रुग्णांचा ताण उतरलेला मी पाहिला आहे.