पडवीतलं ते वाळकं पान

प्रश्न : ताई, भातकापणीच्या दिवसांत आमच्या पडवीत दिवेलागणीला वाळक्या पानासारखं काहीतरी येऊन भिंतीवर बसतं. सासूबाई म्हणतात, पतंग आहे, हाकल, पंखांची पूड डोळ्यांत गेली तर डोळे जातील. मुलगी म्हणते फुलपाखरू. फोटो पाठवते आहे. — एक वाचक, देवरुख

उत्तर : मुलीचं बरोबर आहे. हे ‘ईव्हनिंग ब्राऊन’ फुलपाखरू. फुलपाखरं दिवसा आणि पतंग रात्री, हा हिशेब इथे चुकतो, कारण हे संध्याकाळी उडतं आणि दिव्यावरही येतं. त्याची अळी भाताच्या आणि गवताच्या पात्यावर वाढते. हिरवीगार, डोक्यावर दोन शिंगं. समोरच्या कुणग्यात पाती उलटून पाहा, मुलीला नक्की सापडेल.

रंगावर जाऊ नका, मिशा बघा. तुमचा फोटो मोठा केल्यावर मी आधी त्याच शोधल्या. दोन बारीक काड्या, टोकाकडे जाड होत गेलेल्या. फुलपाखराची खूण हीच. पतंगाच्या मिशा बहुधा दोऱ्यासारख्या निमुळत्या, नाहीतर कंगव्यासारख्या दातेरी असतात. बसण्याची ढब पाहिलीत तर यानं पंख पाठीवर उभे मिटलेत. पतंग ते बहुतेक वेळा आडवे पसरतो किंवा कौलासारखे उतरते ठेवतो. पण ढबीला अपवाद बरेच, म्हणून माझा भरवसा मिशांवर.

पावसाळ्यात आमच्या ओसरीवर एकदा ॲटलास पतंग आला होता. पंख पसरले तर माझ्या वितीहून रुंद, टोकं नागाच्या फण्यासारखी. शेजारच्या मुलानं झाडू उचलला, तो मी हातातून काढून घेतला. या पतंगाला खाण्याजोगं तोंडच नसतं. अळी असताना साठवलेल्यावर तो जेमतेम काही दिवस काढतो. त्यातला एक दिवस आपण झाडूनं संपवायचा?

सासूबाईंना सांगा, ती पूड म्हणजे पंखांवरचे खवले. फुलपाखरालाही असतात. त्यांनी डोळे जात नाहीत, हात धुतले की झालं. जपायचं ते केसाळ सुरवंटांपासून, काहींचे केस अंगाला फार खाजतात.

हाकलू नका, पडवीतला दिवा तेवढा मालवा. आणि जुलैत तिथेच पुन्हा आलं तर पंखांच्या खालच्या बाजूचा फोटो काढा. वाळक्या पानाच्या जागी डोळ्यांसारख्या ठिपक्यांची ओळ दिसेल. फुलपाखरू हेच, फक्त पावसाळी रूपातलं. मला तो फोटो हवाच आहे.