वाचक विचारतात: माउंटन स्नोमोबाइलला नवा एक्झॉस्ट

या वेळची बहुतेक पत्रं एकाच विषयावर आहेत: ८०० ते ८५० सीसीच्या टू-स्ट्रोक माउंटन स्नोमोबाइलचा कंपनीचा एक्झॉस्ट (म्हणजे इंजिनापासून निघणारा पाइप आणि त्यामागचा सायलेन्सर) काढून दुसरा बसवावा का, आणि बसवायचा तर कुठला. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न: हलका सायलेन्सर बसवला की ताकद वाढते असं विकणारे सांगतात. ८५० सीसीच्या गाडीला उंचावर किती फरक पडेल?

ताकदीसाठी घेत असाल तर घेऊ नका. वजनासाठी घेत असाल तर हिशेब करून बघा.

समुद्रसपाटीपासून ३,००० मीटरवर हवेचा दाब सपाटीच्या जेमतेम ७० टक्के उरतो. टर्बो नसलेलं १६५ अश्वशक्तीचं इंजिन तिथे ११५ च्या आसपास येतं. नुसता सायलेन्सर बदलून खाली एक-दोन अश्वशक्ती मिळालीच, तर तीही त्याच प्रमाणात घटते. चढावर ती तुम्हाला कळणार नाही.

आता वजन. कंपनीचा सायलेन्सर आत पडदे आणि कप्पे असलेला, जाड पत्र्याचा असतो. बाहेरचा हलका सायलेन्सर म्हणजे छिद्रं पाडलेली सरळ नळी आणि तिच्याभोवती काचतंतूंची भरण. यात गाडीगणिक दोन ते चार किलो वाचतात. गाडी, चालवणारा आणि पेट्रोल मिळून ३१० किलो धरले, तर तीन किलो म्हणजे साधारण एक टक्का. ११५ अश्वशक्तीवर एक टक्का म्हणजे जवळपास एक अश्वशक्ती. म्हणजे ताकद आणि वजन यांची रास्त तुलना केली, तर दोन्हीकडे हातात फार काही येत नाही.

तरीही वजनाच्या बाजूनं कौल देण्याचं कारण हे की ते वजन गाडीच्या नाकाशी आणि एका अंगाला असतं. डोंगराच्या कुशीला गाडी एका स्कीवर तिरकी धरून आडवी न्यायची असते, तेव्हा नाकाशी कमी झालेले तीन किलो मनगटाला कळतात. सपाट ट्रेलवर चालवणाऱ्यानं एवढ्यासाठी पैसे घालवू नयेत.

प्रश्न: सायलेन्सर आणि पाइप दोन्ही जास्तीत जास्त मोकळे घेतले. आवाज जोरदार आहे, पण खालच्या आरपीएमला गाडी मेल्यासारखी चालते. असं का?

कारण टू-स्ट्रोकचा पाइप फक्त धूर बाहेर काढत नाही, तो इंजिनात मिश्रण भरण्याचंही काम करतो. एक्झॉस्ट पोर्ट, म्हणजे सिलिंडरचं धूर जाण्याचं भोक, उघडलं की दाबाची लाट पाइपमध्ये धावते. पाइप जिथे रुंद होत जातो तिथून कमी दाबाची लाट मागे फिरते आणि सिलिंडरमधला जळका वायू ओढून घेते. पुढे पाइप अरुंद होतो, तिथून जास्त दाबाची लाट परतते. एक्झॉस्टमध्ये निसटलेलं ताजं मिश्रण ती पोर्ट बंद होण्याआधी पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. ही वेळ जुळली तरच ताकद मिळते.

पाइपमध्ये किती दाब आणि किती उष्णता टिकावी हे शेवटच्या अरुंद नळीवर, म्हणजे स्टिंगरवर, आणि त्यामागच्या सायलेन्सरवर ठरतं. तो भाग गरजेपेक्षा मोकळा झाला की दाब आणि तापमान दोन्ही उतरतात. लाटेचा वेग तापमानावर अवलंबून असतो: ३०० अंश सेल्सिअसला सेकंदाला साधारण ४८० मीटर, ५०० अंशाला ५६० च्या आसपास. पाइप थंड असेल तर लाट उशिरा परतते आणि इंजिन ज्या आरपीएमवर फिरतंय तिथे तिची वेळ चुकते. खोल भुसभुशीत बर्फात थ्रॉटल सोडून पुन्हा दाबताना नेमकी हीच अवस्था येते आणि गाडी क्षणभर ढेपाळते.

‘जितका मोकळा तितका चांगला’ हा फोर-स्ट्रोकवाल्यांचा आडाखा आहे. तो इथे लावू नका. तुमच्याच इंजिनासाठी, तुमच्याच मॉडेल-वर्षासाठी बनवलेला पाइप आणि त्याच निर्मात्यानं त्या पाइपसोबत चालवून पाहिलेला सायलेन्सर, एवढीच जोडी घ्या. एकाचा पाइप आणि दुसऱ्याचा सायलेन्सर असा संसार सहसा टिकत नाही. तुमच्या बाबतीत आधी जुना सायलेन्सर परत लावून बघा. खालची ओढ परत आली तर दोष सायलेन्सरचा. नाही आली तर पाइपकडे आणि त्याच्या सांध्यांकडे वळा.

प्रश्न: टायटॅनियम घ्यावं की स्टेनलेस स्टील? सिरॅमिक लेपाचा उपयोग होतो का?

टायटॅनियमची घनता स्टीलच्या सुमारे ५७ टक्के असते, म्हणून त्याच जाडीचा सायलेन्सर बराच हलका होतो. पण पातळ पत्र्याला वेल्डपाशी चिरा पडतात, आणि टायटॅनियमचं वेल्डिंग साध्या गॅरेजमध्ये नीट होत नाही. दगडधोंड्यांत आपटणारी गाडी असेल तर स्टेनलेस बरं.

सिरॅमिक लेप पाइपसाठी उपयोगी आहे. तो उष्णता आत धरतो, त्यामुळे पाइप लवकर तापतो आणि बॉनेटखालचं प्लास्टिक कमी भाजतं. सायलेन्सरवर तो बहुतांशी शोभेचा.

प्रश्न: पूर्ण पाइप बसवल्यावर आरपीएम ठरलेल्यापेक्षा ३०० नं वर जातात. क्लच बदलू की इंधनाचा मॅप?

आधी इंधन, मग क्लच. हा क्रम उलटा केला तर पिस्टन जातो.

या गाड्यांचा संगणक थ्रॉटल, आरपीएम, हवेचं तापमान आणि हवेचा दाब बघून इंधन सोडतो. सिलिंडरमध्ये प्रत्यक्ष किती हवा गेली हे तो सहसा मोजत नाही. नव्या पाइपनं जास्त हवा भरली तरी इंधन जुन्याच हिशेबानं येतं, मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडतं, आणि डिटोनेशन (मिश्रणाचा बेताल स्फोट) सुरू होतं. हे स्फोट ओळखणारा नॉक सेन्सर असेल तर संगणक ठिणगी उशिरा पाडून इंजिन वाचवायला बघतो. तुम्हाला मात्र वाटतं, पाइपच बेकार आहे. म्हणून पाइपच्या निर्मात्यानं दिलेला मॅप (कुठल्या वेळी किती इंधन सोडायचं याचा संगणकातला तक्ता) किंवा इंधन-कंट्रोलर पाइपबरोबरच बसवा. कंट्रोलर न लागणारा पाइपही मिळतो, पण तो कंपनीच्या पाइपच्या इतका जवळचा असतो की फायदा मुख्यतः वजनाचाच.

मॅप बसवल्यावर तपासणी अशी करा. नवे प्लग लावा, इंजिन पूर्ण तापवा, लांब चढावर पूर्ण थ्रॉटलवर न्या आणि थ्रॉटल न सोडता किल-स्विचनं इंजिन बंद करा. प्लगच्या पांढऱ्या भागावर राखाडी किंवा चकाकते बारीक ठिपके दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे, तिथेच थांबा. प्लगच्या भोकातून पिस्टनचं डोकंही बघा. ट्रान्सफर पोर्टसमोर, म्हणजे ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये येतं त्या भोकांसमोर, काजळी धुऊन निघालेले स्वच्छ पट्टे दिसायला हवेत. पट्टे अजिबात नसतील तर मिश्रण पातळ आहे, अर्धं डोकं धुतलेलं असेल तर गच्च, म्हणजे इंधन जास्त. ही परीक्षा थंडगार सकाळी घ्या, कारण थंड हवा दाट असते आणि पातळ मिश्रणाचा दोष तेव्हाच उघडा पडतो.

इंधन जमलं की क्लच. आधी नव्या पाइपची कमाल ताकद कुठल्या आरपीएमला आहे हे त्याच्या निर्मात्याकडून घ्या. कदाचित तो ३०० नं वाढलेला आकडाच बरोबर असेल. तसं नसेल तर पुढच्या क्लचमधली फ्लायवेट, म्हणजे आत फिरणारी वजनं, जड करा. प्रत्येक वजनात एक ग्रॅम वाढवला की ढोबळमानानं १०० आरपीएम उतरतात, म्हणजे तुमच्यासाठी तीन ग्रॅम. सगळी वजनं सारखीच बदला, नाहीतर क्लच थरथरतो आणि बुशिंग खातो. मोजणी क्लचच्या ताज्या, तापलेल्या पट्ट्यावर (ड्राइव्ह बेल्टवर) करा. झिजलेल्या पट्ट्याचे आकडे फसवतात.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. ३,००० मीटरसाठी जुळवलेली हलकी वजनं घेऊन कमी उंचीवर उतरलात, तर इंजिनाला पुन्हा जोर येतो आणि आरपीएम मर्यादेपलीकडे जातात. खालच्या उंचीची वजनं पिशवीत ठेवा.

प्रश्न: बसवून दोन दिवस झाले. सांध्यातून काळं तेल गळतं आणि इंजिनाचा दिवा लागतो.

दोन दुखणी आहेत, कदाचित मूळ एकच असेल. टू-स्ट्रोकमध्ये न जळलेलं तेल सांध्यातून थोडं पाझरतंच. पण ते ओघळून खाली साचत असेल तर सांधा बसलेला नाही.

इंजिन गार झाल्यावर स्प्रिंगा काढा; त्यासाठी स्प्रिंग ओढायचा आकडा वापरा, पक्कड निसटली की बोटं जातात. वाय-पाइप (दोन्ही सिलिंडरांचा धूर एकत्र आणणारा तुकडा) आणि पाइप यांच्यामधलं कड्यासारखं डोनट गॅस्केट जुनंच वापरलं असेल तर टाकून द्या. सांधे तारेच्या ब्रशनं साफ करा, उच्च तापमानाच्या सिलिकॉनचा पातळ थर द्या आणि सगळे तुकडे आधी सैल जोडा. पाइप स्वतःच्या जागेवर न खेचता बसला पाहिजे. एकच टोक ताणून स्प्रिंगा लावल्या तर सांधा तिरका राहतो आणि पुढे ब्रॅकेट चिरतं. शेवटी स्प्रिंगा लावा, सिलिकॉन रात्रभर वाळू द्या. स्प्रिंगांच्या पोकळीतही तेच सिलिकॉन भरलं तर कंपनानं त्या तुटत नाहीत.

दिव्याचं कारण बहुधा तापमानाचा सेन्सर. तो जुन्या पाइपमधून काढून नव्यात, त्याच जागी आणि तितक्याच खोल बसवायचा असतो. नव्या पाइपला त्यासाठी वेल्ड केलेली जागाच नसेल, तर तो पाइप तुमच्या गाडीचा नाही. सेन्सरची वायर पाइपला टेकून वितळली नाही ना, हेही बघा.

सायलेन्सरचं तोंड खालच्या प्लास्टिकच्या भोकात मधोमध यायला हवं, चहूकडे किमान एक सेंटिमीटर मोकळं. हलक्या सायलेन्सरचं अंग कंपनीच्या सायलेन्सरपेक्षा जास्त तापतं. म्हणून जुनी उष्णतारोधक चादर वजन वाचवायला फेकू नका.

प्रश्न: आवाजाचे नियम काय आहेत? आणि मोठ्या आवाजानं हिमस्खलन होतं का?

दुसऱ्याचं उत्तर आधी: नाही. इंजिनाच्या आवाजाचा दाब बर्फाचा थर तोडायला फार अपुरा असतो. थर तुटतो तो उतारावर आलेल्या गाडीच्या आणि माणसाच्या भारानं. मोठ्या आवाजाचा खरा तोटा हा, की सोबत्यांचा रेडिओ ऐकू येत नाही.

उत्तर अमेरिकेत कंपनीच्या गाड्या एसएई (वाहन अभियंत्यांची संस्था) या संस्थेच्या जे१९२ चाचणीत पूर्ण थ्रॉटलला ५० फुटांवरून ७८ डेसिबलच्या आत असतात. उभ्या गाडीची चाचणी एसएई जे२५६७ नं होते: ४,००० आरपीएम, चार मीटर अंतर. विस्कॉन्सिनसारख्या राज्यांत तिथली मर्यादा ८८ डेसिबल आहे. सायलेन्सर घेताना या चाचणीचा आकडा मागा. ‘थोडा खणखणीत’ हे माप नव्हे. अमेरिकेत २००६ च्या मॉडेलपासून टप्प्याटप्प्यानं उत्सर्जनाचे नियमही लागू आहेत, तेव्हा सुटा भाग तुमच्या गाडीला कायद्यानं चालतो का ते लिहून घ्या. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे सायलेन्सरच्या बाबतीत तर पदोपदी खरं ठरतं.

काचतंतूंची भरण तेलानं भिजते आणि जळून उडते. आवाज हळूहळू वाढत गेला तर ती बदलायची वेळ झाली. दर मोसमाच्या सुरुवातीला उघडून बघा.

प्रश्न: कंपनीच्या टर्बो गाडीला हेच लागू होतं का?

अर्धंच. टर्बोत पाइपच्या पुढे धुराच्या झोतानं फिरणारं टर्बाइन येतं आणि स्टिंगरचं रोखण्याचं काम बरंचसं तेच करतं. त्यामुळे त्यामागचा सायलेन्सर मोकळा केला तर पाइपची जुळणी फारशी बिघडत नाही, उलट टर्बाइन लवकर फिरतं. पण बूस्ट, म्हणजे टर्बो हवेला देतो तो जादा दाब, संगणकाच्या ताब्यात असतो. स्की-डू कंपनीची २०२० ची समिट टर्बो २,४०० मीटरपर्यंत १६५ अश्वशक्ती टिकवते ती अशीच. टर्बाइन मोकळं झालं आणि बूस्ट ठरलेल्या आकड्यापलीकडे गेला, तर संगणक ताकद कापतो. म्हणून पहिल्या फेरीत बूस्टचा आकडा बघत राहा, आणि पाइप व टर्बाइन यांच्यामधल्या भागाला हात लावू नका.