बुटक्या रोपाबद्दल

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. शेकडो अरॅबिडॉप्सिसच्या, म्हणजे प्रयोगशाळेतल्या त्या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपांत एकच बुटकं, गडद हिरवं, आखूड देठांचं रोप दिसलं आणि रात्रभर झोप लागली नाही, हे वाचून फार आनंद झाला. पण शेवटी तू लिहिलंस, 'म्हणजे वाढीचं जनुक सापडलं.' तिथे मी अडले. सापडलंय ते एक बुटकं रोप. ते का बुटकं आहे, हे अजून त्याच्या पोटातच आहे.

आधी सरळ शक्यता घे. वाढीचं संप्रेरक तयारच होत नसेल किंवा तयार होऊनही रोपाला ते ओळखता येत नसेल. ब्रासिनोलाइड हे असं स्टेरॉइड संप्रेरक. १९७९ साली ते शुद्ध रूपात हाती आलं, तेव्हा मधमाश्यांनी गोळा केलेल्या सुमारे २२७ किलो परागातून जेमतेम ४ मिलिग्रॅम निघालं होतं. एवढ्या अल्प प्रमाणात काम करणारा रेणू ओळखायला तितकाच तल्लख ग्राही, म्हणजे त्याला ओळखून धरणारं प्रथिन हवं. तो १९९७ मध्ये सापडला: बीआरआय-१. प्राण्यांच्या स्टेरॉइडांचे ओळखीचे ग्राही बहुतेक पेशीच्या आत असतात. हा मात्र पेशीपटलात रुतून बसतो, बाहेरच्या भागाने संप्रेरक धरतो आणि आतल्या कायनेझ भागाने फॉस्फेट लावून निरोप पुढे पाठवतो. हा ग्राही बिघडलेल्या रोपाला कितीही ब्रासिनोलाइड दे, ते खुजंच राहतं. संप्रेरकच बनत नसेल तर बाहेरून दिल्यावर रोप वाढू लागतं. म्हणून हा प्रयोग पहिला कर.

आता तू विचारलेलंच नाहीस ते सांगते, कारण माझा जीव त्यातच अडकलाय. २००० साली एफएलएस-२ या ग्राहीची ओळख पटली. जिवाणूच्या शेपटीसारख्या कशाभिकेतल्या फ्लॅजेलिन प्रथिनाचा फक्त २२ अमिनो आम्लांचा तुकडा तो ओळखतो. रचना बीआरआय-१ सारखीच: बाहेर ल्युसीन या अमिनो आम्लाने भरलेल्या आवर्तनांची कमान, आत कायनेझ. एकाचं काम वाढ, दुसऱ्याचं संरक्षण. दोन्हींचा संबंध काय, असं कुणालाही वाटेल. २००२ मध्ये बीआरआय-१ चा जोडीदार म्हणून बॅक-१ हे प्रथिन पुढे आलं, आणि २००७ मध्ये कळलं की फ्लॅजेलिन दिसताच एफएलएस-२ सुद्धा याच बॅक-१ चा हात धरतो. २०१३ मध्ये स्फटिकांतून रचना दिसल्या तेव्हा तर स्पष्टच झालं: संप्रेरक काय किंवा फ्लॅजेलिनचा तुकडा काय, ग्राही आणि जोडीदार यांच्या मधोमध तो डिंकासारखा बसतो आणि दोघांना जवळ आणतो.

म्हणून माझं सांगणं एवढंच की ग्राही दिसला की आधी त्याची सोबत शोध. 'कुलूप-किल्ली' म्हणून आपण शिकवतो, पण त्या चित्रात दोनच जण असतात आणि इथे तिसरा नेहमी हजर असतो.

बॅक-१ नसेल तर काय होतं बघ. एकटा तो गेला तर रोप थोडंसंच लहान राहतं, कारण अरॅबिडॉप्सिसमध्ये याच कुळातली एकूण पाच भावंडं आहेत आणि ती बरीच बाजू सांभाळतात. त्याच्यासोबत बीकेके-१ हे भावंडही गेलं की पेशी आपणहून मरू लागतात आणि रोप लहानपणीच जातं. वाढीचा निरोप थांबला म्हणून ते मरत नाही. रोगजंतू बॅक-१ वरच घाव घालतात, म्हणून पेशीच्या आत एनएलआर नावाची पहारेकरी प्रथिनं जणू त्याच्यावर नजर ठेवून असतात. बॅक-१ आणि त्याचं भावंड दिसेनासं झालं की त्यांना तो हल्ला वाटतो. वाढीचा जोडीदार हरवला आणि रोप संरक्षणापायी मेलं! हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी कितीतरी वेळ खिडकीबाहेरच्या झाडाकडे पाहत बसले होते.

तिसरी शक्यता यातूनच निघते. तुझं रोप कदाचित शत्रू नसतानाही सतत लढत असेल. एसएनसी-१ हा एनएलआर सदैव चालू राहिलेली रोपं अशीच बुटकी आणि वाकड्या पानांची असतात. असं रोप २२ अंशांवर खुजं असतं, पण २८ अंशांवर बरंचसं सुधारतं. तुझ्या रोपाचा एक ट्रे २८ अंशांवर ठेव. शेजारी साधं रोप हवंच, कारण उष्णतेने तेही लांबतं, आणि तुलना नसेल तर तू स्वतःलाच फसवशील. मी एकदा असं साधं रोप न ठेवता निष्कर्ष काढला आणि एक पूर्ण हंगाम वाया घालवला.

फ्लॅजेलिनचा तुकडा घातलेल्या माध्यमावर साधी रोपंही खुरटतात, हे तुला माहीत असेल. त्यावरून बरेच जण म्हणू लागले की बॅक-१ मर्यादित आहे, संरक्षणाने तो ओढून घेतला की वाढीला उरत नाही. समजूत सुटसुटीत आहे, पण पुरती खरी नाही. २०१२ मध्ये दिसलं की ब्रासिनोस्टेरॉइड (ब्रासिनोलाइडच्या गटातलं संप्रेरक) फ्लॅजेलिनच्या प्रतिसादाला दाबतं ते बॅक-१ च्या ओढाताणीशिवायही. पुढे २०१६ मध्ये काही जनुकं एकत्र बंद करून वाढ आणि संरक्षण दोन्ही जोमात असलेली रोपं तयार झाली. म्हणजे हा केवळ खर्चाचा हिशोब नाही. ती रोपाने स्वतःच लावून घेतलेली शिस्त आहे, आणि ती कुठे सैल करता येईल हे शोधण्यात तुझ्या पिढीचं काम आहे असं मला मनापासून वाटतं.

जिवाणू ओळखणाऱ्या ईएफआर या ग्राहीचं उदाहरण आठवतं. तो मोहरीच्या कुळातच असतो. २०१० मध्ये तो टोमॅटोत घातला, तेव्हा टोमॅटोला जिवाणूंविरुद्ध नवं बळ मिळालं, मर रोगाच्या जिवाणूविरुद्धही. ग्राही परका होता, तरी आतली निरोप पोहोचवणारी मंडळी त्याला ओळखीची निघाली.

सोमवारी तीन ट्रे लाव: ब्रासिनोलाइडचा, २८ अंशांचा आणि फ्लॅजेलिनच्या तुकड्याचा. प्रत्येकात साधं रोप शेजारी. एक कुंडी अंधारातही ठेव, तिथे खोड ताणतं का पाहा. पानाचे तुकडे घेऊन त्यांना फ्लॅजेलिनचा तुकडा दिल्यावर पहिल्या अर्ध्या तासात सक्रिय ऑक्सिजनची उसळी येते का, म्हणजे संरक्षण जागं होतं का, तेही मोज. मुळांची लांबी मिलिमीटरमध्ये लिही, 'बरीच' किंवा 'थोडी' नको. ते आकडे मला जसेच्या तसे पाठव, न जुळणारेसुद्धा.

तुझी,
मॅडम