गडगडाट सुरू झाला की घोडीला बांधावं की मोकळं सोडावं?

तुम्ही लिहिलंय की ढग गडगडायला लागले की तुमची घोडी तबेल्यात गरगर फिरते, घामाने निथळते, दाराला धडका देते. तिला बांधावं, मोकळं सोडावं की आत जाऊन तिच्याजवळ थांबावं, असा तुमचा प्रश्न आहे.

बांधू नका, हे सगळ्यात आधी सांगते. घोडा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. पाय हलवता आले नाहीत की त्याची भीती दुपटीने वाढते. तो मागे रेटतो, दोर ताणला जातो, त्या ताणाने तो आणखी बिथरतो आणि मग मानेला इजा होते किंवा तो पाठीवर कोसळतो. थोडा वेळ बांधावंच लागलं तर एका हिसक्यात सुटेल अशी सुरगाठ मारा. म्होरकी शक्यतो चामड्याची घाला. अडकली तर चामडं तुटतं, नायलॉन तुटत नाही.

आत ठेवायचं की बाहेर, हे तबेला किती पक्का आहे त्यावर ठरवा. भिंती भक्कम आणि छप्पर घट्ट असेल तर आतच बरं. पत्रे खिळखिळे असतील तर मात्र सोसाट्याच्या वाऱ्यात उडालेला एक पत्रा घोड्याला चिरून काढतो. अशा वेळी मोठं, मोकळं कुरण जास्त सुरक्षित. पण त्या कुरणात एकटं उंच झाड नको आणि घोडे तारेच्या कुंपणाला चिकटून उभे राहतील अशी रचनाही नको. वीज झाडावर पडली तरी तिचा प्रवाह जमिनीतून चौफेर पसरतो. घोड्याच्या पुढच्या आणि मागच्या पायांत बरंच अंतर असतं, त्यामुळे एका खुरातून शिरलेला प्रवाह दुसऱ्यातून बाहेर पडताना थेट छातीतून जाऊ शकतो. शेजारी उभ्या माणसापेक्षा जनावराला जास्त धोका असतो तो यामुळेच. तारेचं कुंपण तर ही वीज लांबवर वाहून नेतं. आणि पाणी चढण्याची थोडी जरी शक्यता असेल, तर दाराला कडी लावून निघून जाऊ नका. बंद दाराआड बुडालेलं जनावर वाचवता येत नाही.

आता तिला शांत कसं करायचं? माझ्या मते वैरणीइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच होत नाही. वादळ यायच्या आधीच सुकं गवत भरपूर टाका, दाणा नको. घोड्याचं पोट सतत थोडंथोडं खाण्यासाठी घडलेलं आहे आणि चघळत राहिलेला घोडा सावकाश निवळतो. शिवाय गवत मोठ्या आतड्यात आंबताना अंगात ऊब तयार होते, गार वाऱ्यात तीच कामी येते. दुसरं म्हणजे सोबत. नजरेच्या टप्प्यात ओळखीचा घोडा असू द्या, तोही शक्यतो थंड डोक्याचा. तबेल्यात दिवा लावून ठेवा, म्हणजे विजेचा लखलखाट अंधारात चमकतो तेवढा अंगावर येत नाही.

तुम्ही स्वतः दाराबाहेर थांबा. घाबरलेल्या घोडीबरोबर बंद जागेत जाऊ नका. ती तुम्हाला मुद्दाम चिरडणार नाही, पण त्या क्षणी तुम्ही तिला दिसणारच नाही. ती दाराशी आली, कान तुमच्याकडे वळले, नाकपुड्यांचा ताण थोडा उतरला, की आयाळ जिथे संपते आणि पाठ सुरू होते तिथे बोटांनी खाजवा. घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात ती हीच जागा, आणि तिथे खाजवलं की हृदयाचे ठोके खरोखर मंदावतात. थोपटू नका, खाजवा. मान खाली आली, तोंड चघळल्यासारखं हललं, एक लांब फुरफुर ऐकू आली की समजा, जमलं. आवाज नेहमीचाच ठेवा. बापुडवाणं गोंजारणं आणि ओरडणं दोन्ही टाळा.

खरी तयारी मात्र कोरड्या दिवसांत होते. गडगडाटाचं ध्वनिमुद्रण अगदी हळू लावा, तेही ती खात असताना. ती खायची थांबली तर आवाज मोठा झालाय, कमी करा. असं आठवडेच्या आठवडे करावं लागतं. वाऱ्याचा दाब आणि लखलखाट त्यात नसतो, त्यामुळे भीती पूर्ण जाणार नाही, पण धार नक्की कमी होते. गुंगीचं औषध हवंसं वाटलं तर पशुवैद्यांशी आधीच बोला. घोडी एकदा बिथरली की अशी औषधं नीट लागू पडत नाहीत.

वादळ सरल्यावर लगेच झोपायला जाऊ नका. घामाने भिजलेलं अंग सुक्या गवताच्या मुठीने किंवा गोणपाटाने पुसून काढा. ओल्या अंगावर जाड झूल घालू नका. चारही पायांवरून हात फिरवा, खुरात खिळा किंवा पत्र्याचा तुकडा रुतलाय का बघा. शांत उभ्या घोड्याचे ठोके मिनिटाला साधारण 28 ते 44 असतात. तासाभराने ते खाली आले नाहीत, तिने पाण्याला तोंड लावलं नाही, लीद टाकली नाही, किंवा ती वळूनवळून स्वतःच्या कुशीकडे बघू लागली, तर तो पोटशूळ असू शकतो. अशा वेळी सकाळची वाट न बघता पशुवैद्यांना बोलवा.