पाया खोदताना हाडांसारखे दगड निघाले: बुजवू नका, उपसूही नका

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वरोरा तालुक्यात शाळेच्या खोल्यांचा पाया खोदताना पोकलेनच्या बकेटमधून लाल-हिरवट मातीसोबत हाडासारखे जड दगड आले. मुकादम म्हणतो बुजवून टाका, नाहीतर काम बंद पडेल. तुम्हाला बुजवणं पटत नाही, म्हणून सगळे तुकडे काढून शाळेत ठेवायचा विचार करताय. बुजवायला तुम्ही नाही म्हणालात, ते फार चांगलं केलंत. पण तुकडे काढायची घाईही करू नका. विदर्भात भूविज्ञानाचं फील्डवर्क करण्यात माझी तीस वर्षं गेली. त्यात जीवाश्मांची जितकी नासाडी मशीनने झालेली पाहिली, जवळपास तितकीच चांगल्या मनाच्या माणसांच्या सब्बलीने झालेली पाहिली.

आधी आज संध्याकाळपर्यंत करायचं ते सांगतो. संपूर्ण साइट थांबवायची गरज नाही. दगड निघाले त्या खड्ड्याभोवती पाच-सहा मीटरवर दोरी बांधा आणि पोकलेन दुसऱ्या कॉलमच्या खड्ड्यावर न्या. भिंतीत जे अडकलंय ते तसंच राहू द्या. वर ताडपत्री टाका, पण खड्ड्यात पाणी साचणार नाही अशी. ओल्या मातीतलं हाड उन्हात एकदम सुकलं की उभं तडकतं. बकेटमधून आलेले सुटे तुकडे घमेल्यात, त्याच मातीसकट, गोणपाटावर ठेवा. धुऊ नका, ब्रश मारू नका. फेविकॉल, फेविक्विक, एम-सील यातलं काहीही लावू नका, नंतर ते काढताना हाडाचा पृष्ठभाग सोबत निघतो.

मातीसकट का म्हणतो, ते एका गोष्टीवरून कळेल. गुजरातेत ढोली डुंगरीला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांना १९८० च्या दशकात डायनासोरच्या अंड्यांसोबत पिल्लाची नाजूक हाडं असलेला दगड मिळाला. त्यांनी तो न फोडता जपला. २००१ मध्ये अमेरिकी जीवाश्मतज्ज्ञ जेफ्री विल्सन यांनी तोच दगड पाहिला, तेव्हा त्यातले काही मणके सापाचे आहेत हे लक्षात आलं. फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून बसलेला साडेतीन मीटरचा साप होता तो. २०१० मध्ये त्याचं सनाजेह इंडिकस असं नाव प्रसिद्ध झालं. पहिल्याच दिवशी कुणी ‘चांगली चांगली हाडं’ वेचून घेतली असती तर साप आणि अंडी एकत्र होती हे कधीच कळलं नसतं. हाड महत्त्वाचं आहेच, पण ते कशाच्या शेजारी, कोणत्या थरात, कोणत्या बाजूला तोंड करून पडलं होतं ही माहिती त्याहून मोठी, आणि ती एकदा पुसली की परत येत नाही.

म्हणून फोटो काढा. फोटोत फूटपट्टी हवीच, नसेल तर टेप उघडून ठेवा. एक फोटो लांबून, ज्यात खड्डा आणि मागचं झाड किंवा खांब दिसेल. एक भिंतीचा, ज्यात थरांचे रंग दिसतील. आणि मग जवळून. मोबाइलवर लोकेशन घ्या, जमिनीपासूनची खोली मोजा, उत्तर कुठे ते लिहा. प्रत्येक घमेल्यात ही माहिती लिहिलेली चिठ्ठी ठेवा. चिठ्ठीचं महत्त्व सांगतो. जबलपूरला १८२८ मध्ये स्लीमन या ब्रिटिश अधिकाऱ्याला मिळालेल्या हाडांवरून लायडेकर या जीवाश्मतज्ज्ञाने १८७७ मध्ये टायटॅनोसॉरस हे नाव दिलं. भारतातला नाव मिळालेला हा पहिला डायनासोर. त्याचा मूळ मणका नंतर हरवल्यातच जमा होता. २०१२ मध्ये तो कोलकात्याच्या संग्रहातच पुन्हा सापडला. संग्रहालयात असं होतं, तर कंत्राटदाराच्या शेडमध्ये काय होईल!

आता हे नक्की काय असेल? तुमचा भाग बघता मला आशा वाटते. वरोऱ्याजवळचं पिसदुरा आणि डोंगरगाव हे लॅमेटा थरांसाठी जगभर ओळखले जातात. काळ्या बेसाल्टच्या खालचे हे थर, वय साधारण ६.६ ते ७ कोटी वर्षं. डोंगरगावला लांब मानेच्या डायनासोरचा सांगाडा मिळाला, त्याला आज आयसीसॉरस म्हणतात. पिसदुऱ्याच्या शेतात तर जीवाश्म झालेली विष्ठा, म्हणजे कॉप्रोलाइट, खड्यांसारखी मिळते. दिसायला कोणीही फेकून देईल असे गोळे. पण २००५ मध्ये त्याच गोळ्यांत गवताचे सूक्ष्म सिलिका कण मिळाले आणि डायनासोरच्या काळात गवत होतं हे सिद्ध झालं. त्याआधी बहुतेकांचा समज उलटा होता. तेव्हा बकेटमधले लंबगोल, वळ्या पडलेले ‘साधे’ दगडही बाजूला ठेवा.

हाड ओळखायला तुटलेली कड बघा: आत स्पंजासारखी बारीक जाळी दिसते, बाहेर घट्ट पापुद्रा. फील्डवरचे लोक जिभेचं टोक लावूनही बघतात, सच्छिद्र हाड जिभेला चिकटतं. गोल दगडांच्या बाबतीत मात्र हुरळून जाऊ नका. बेसाल्ट कांद्यासारखा सोलत झिजतो आणि हुबेहूब अंड्यांचा ढीग वाटतो. तमिळनाडूत पेरांबलूरला २०२० मध्ये तलावाच्या खोदकामात ‘डायनासोरची अंडी’ निघाल्याची बातमी पसरली, ते अमोनाइट, म्हणजे शंखधारी समुद्री प्राण्याच्या जीवाश्माभोवती जमलेले गोळे निघाले. उलटही घडतं. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या पाडल्यात लोक ज्या गोल दगडांना काकर भैरव म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पूजत होते, ती टायटॅनोसॉर या लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरांची अंडी असल्याचं अभ्यासकांनी सांगितलं. खरं कवच असेल तर तुटलेल्या जागी एक-दोन मिलिमीटर जाडीचा वेगळा पापुद्रा आणि त्यावर बारीक दाणे दिसतात.

मुकादमाची भीती खोटी नाही, त्याला रोजची मजुरी द्यायची असते. त्याला दोन गोष्टी सांगा. आपल्याकडे जीवाश्मांसाठी वेगळा केंद्रीय कायदा अजून नाही. खाण मंत्रालयाने २०२२ मध्ये भूवारसा स्थळांच्या विधेयकाचा मसुदा लोकांसमोर ठेवला, पण त्याचा कायदा झालेला नाही. जीवाश्म निघाला म्हणून शाळेची जागा हातची जाईल, ही भीती त्याने मनातून काढावी. (मला स्वतःला हा कायदा हवा आहे, पण खोटी भीती घालून जीवाश्म वाचत नाहीत, उलट रातोरात बुजवले जातात.) दुसरं, तज्ज्ञ आले तरी काम महिनोन्‌महिने अडवून ठेवावं लागत नाही. लॉस एंजेलिसमध्ये २००६ मध्ये एका कला संग्रहालयाचं भूमिगत पार्किंग खोदताना डांबरात बुडालेल्या हाडांचे सोळा साठे निघाले. तज्ज्ञांनी तिथेच बसून एकेक हाड उकरलं नाही. भोवतीच्या मातीसकट अख्खे ठोकळे लाकडी पेट्यांत बंद केले, २३ पेट्या क्रेनने शेजारी हलवल्या आणि पार्किंगचं काम पुढे सुरू झालं. पेट्यांतलं उत्खनन नंतर वर्षानुवर्षं चाललं. तुमच्या खड्ड्याला एवढंही लागणार नाही. ठोकळ्याभोवती चर खोदतात, वर ओला कागद बसवतात, त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या गुंडाळतात, मग खालून कापून उलटा करतात. माझ्या अनुभवात मध्यम आकाराच्या ठोकळ्याला दोन दिवस पुरतात. हे काम तुम्ही एकट्याने करू नका, वजनाचा अंदाज चुकतो. कॅनडात अल्बर्टातल्या खाणीत २०११ मध्ये शॉन फंक या एक्सकॅव्हेटर चालकाला दगडाचा रंग वेगळा वाटला म्हणून त्याने काम थांबवलं. आत चिलखती डायनासोर होता, कातडीसकट. संग्रहालयाची माणसं हजर असूनही उचलताना तो ठोकळा स्वतःच्या वजनाने फुटला. मग तुकड्यांना प्लास्टर करून नेलं आणि तो साफ करायला एका तंत्रज्ञाला सुमारे सात हजार तास लागले. तुमच्या पोकलेनवाल्याला ही गोष्ट जरूर सांगा. पुढचा तुकडा पहिल्यांदा त्यालाच दिसणार आहे.

माझी चूकही सांगतो, कारण ती अजून सलते. एका कालव्याच्या कामावर मला बोलावलं होतं. मांडीच्या हाडासारखा लांब तुकडा होता. अंधार पडत होता, ट्रॅक्टर थांबलेला, म्हणून मी प्लास्टर न करता चौघांना तो पोत्यावर उचलायला लावला. दहा पावलांत त्याचा चुरा झाला. एक रात्र राखणदार बसवला असता तर ते हाड आज शाबूत असतं.

कळवायचं कुठे, तर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालय नागपुरात सेमिनरी हिल्सला आहे. तिथे आणि नागपूर विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागाला एकाच वेळी लेखी कळवा, फोटो जोडून. प्रत तहसीलदार आणि मुख्याध्यापकांना द्या, म्हणजे कागद फिरत राहतो. उत्तर आलं नाही तर दोन दिवसांनी स्वतः जाऊन भेटा, फोनवर विसंबू नका. गाव नदीकाठी असतं आणि पिवळ्या गाळातून हत्ती-गुरांची हाडं निघाली असती, तर मी पुण्याच्या डेक्कन कॉलेजचंही नाव सुचवलं असतं. तुमच्या वर्णनावरून ते इथे लागू दिसत नाही.

या ऑनलाइन धाग्यावर गावाचं नाव आणि लोकेशन मात्र टाकू नका. अंडी आणि हाडं उचलून विकणारे लोक असे धागे वाचत असतात. फक्त सगळ्यात मोठ्या तुकड्याच्या तुटलेल्या कडेचा फोटो टाका, सकाळच्या उजेडात, शेजारी नाणं ठेवून. आणि खड्ड्याच्या भिंतीचा एक, ज्यात लाल मातीच्या वर काय आहे ते दिसेल. वर काळा दगड असेल तर मी उद्याच नागपुरात सर्वेक्षणाच्या कार्यालयात जाऊन बोलतो.