सी मध्ये स्वतःचं शेल लिहितोय. पाइप दिला की हँग होतं, सीडी (डिरेक्टरी बदलायची कमांड) पण चालत नाही. सरळ सिस्टम फंक्शन वापरू का?

नका वापरू. ते फंक्शन आत स्वतःच फोर्क करतं, म्हणजे चालू प्रोसेसची प्रत काढतं (मूळ तो पॅरेंट, प्रत तो चाइल्ड), आणि तुमची कमांड सिस्टमच्या तयार शेलला, एसएचला, चालवायला देतं. म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, शेल, तुम्ही लिहिलंच नाही. हँग होतंय ते बहुतेक पॅरेंटमध्ये, म्हणजे तुमच्या शेलमध्ये, पाइपची (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणाऱ्या नळीची) टोकं उघडी राहिल्यामुळे. याच एका गोष्टीवरून कॉलेजात माझं प्रोजेक्ट पार्टनरशी कडाक्याचं भांडण झालं होतं, म्हणून लिहायला बसले.

दोघांत मिळून एक शेल करायचं होतं. फोर्क, एक्झेकव्हीपी (चाइल्डमध्ये कमांडचा प्रोग्राम चढवणं), वेटपिड (चाइल्ड संपेपर्यंत थांबणं) एका संध्याकाळी झालं, तेवढं सगळ्यांचंच होतं. पाइप मी लिहिला आणि एलएस | डब्ल्यूसी (फाइलींची यादी, ती मोजणाऱ्या कमांडला) दिलं की प्रॉम्प्ट परत येईना. पार्टनरने काय केलं, तर दुसऱ्या चाइल्डसाठीचं वेटपिडच काढून टाकलं. प्रॉम्प्ट लगेच आला, तो म्हणाला झालं काम. पण आकडा कुठाय? आकडा नाहीच. तासभर डोकं खाल्लं, शेवटी वैतागून एक्झिट टाईप केलं आणि आमचं शेल बंद झाल्याझाल्या डब्ल्यूसीचा आकडा स्क्रीनवर आला! तिथे माझी ट्यूब पेटली. डब्ल्यूसी बिचारं तेवढा वेळ ईओएफची, म्हणजे इनपुट संपल्याच्या खुणेची, वाट बघत बसलं होतं.

पाइपमधून वाचणाऱ्याला ईओएफ कधी मिळतो, तर लिहायचं टोक कुणाकडेच उघडं नसेल तेव्हा. फोर्क केलं की डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलींचे, पाइपच्या टोकांचे नंबर) चाइल्डकडे पण जातात, म्हणजे लिहायचं टोक एलएसकडे, डब्ल्यूसीकडे आणि शेलकडे, तिघांकडे. एलएस संपलं की त्याचं बंद होतं, डब्ल्यूसीमधलं आम्ही डप२ नंतर (वाचायचं टोक त्याच्या इनपुटला जोडल्यावर) बंद केलं होतं, शेलचं राहिलं. शेल त्यात कधीच काही लिहिणार नाही हे आपल्याला माहितीये, कर्नलला, ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याला, कसं कळणार? लिनक्सवर प्रॉक डिरेक्टरीमध्ये शेलच्या पीआयडीखाली (प्रोसेसच्या नंबराखाली) एफडी नावाची डिरेक्टरी असते, ती उघडून बघितली तर प्रत्येक पाइपमागे दोन डिस्क्रिप्टर वाढत होते, 3-4, मग 5-6. पॅरेंटमध्ये दोन क्लोज टाकले, वेटपिड परत आणलं, चाललं.

पार्टनरचं म्हणणं, क्लोज म्हणजे नुसती साफसफाई, प्रोसेस संपली की कर्नल करतोच. अरे पण संपली की ना! शेल संपतच नाही, तेच तर त्याचं काम आहे. तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं हे दोन क्लोज कशाला, तो म्हणाला चांगली सवय म्हणून, आणि सर पुढे गेले. मी बोलायला लागले तर मलाच थांबवलं. अख्ख्या प्रोजेक्टमधल्या सगळ्यात महत्त्वाच्या दोन ओळी होत्या त्या आणि त्यांना कुणीतरी सवय म्हणालं, हे मला आजही पटत नाही.

'चालत होतं ना' हे त्याचं दुसरं वाक्य. त्याच्या पहिल्या कोडमध्ये पहिल्या चाइल्डसाठी थांबून मग दुसरा फोर्क होता, छोट्या आउटपुटला ते पण चालायचं. लिनक्सवर पाइपमध्ये सहसा 65536 बाइट मावतात. मोठी फाइल कॅट केली (पाइपमध्ये ओतली) की पहिला चाइल्ड राइटमध्ये अडकतो, शेल त्याच्यासाठी थांबलेलं, आणि वाचणारा अजून जन्मालाच आलेला नाही. म्हणून आधी सगळे फोर्क, मग पॅरेंटमधले क्लोज, मग सगळ्यांसाठी वेटपिड. हा क्रम बदलू नका, कुणी कितीही चालतंय म्हणालं तरी.

सीडीचं सोपं आहे, चाइल्डमध्ये केलं तर चाइल्डची डिरेक्टरी बदलते आणि तो मरतो, त्यामुळे फोर्क न करता शेलमध्येच चेंज डिरेक्टरीचा कॉल करा. यात लाजण्यासारखं काही नाही, युनिक्समध्ये पहिल्यांदा फोर्क आणला तेव्हा तिथलीही डिरेक्टरी बदलायची कमांड अशीच बंद पडली होती, युनिक्स बनवणाऱ्यांपैकी एक असलेल्या डेनिस रिचीने स्वतः लिहून ठेवलंय.

हां, एक राहिलं, मी हे सगळं तुमचा कोड न बघता सांगतेय. एकटी कमांड दिली तरी हँग होत असेल तर कारण वेगळं. पाइपचं 0 वाचायचं आणि 1 लिहायचं, तेही उलटं झालंय का बघा. एक्झेक फेल झाल्यावर चाइल्डमध्ये अंडरस्कोरवालं एक्झिट 127 देऊन करा, नाहीतर तुमचीच दोन शेल चालू राहतात आणि एक्झिट दोनदा टाईप करावं लागतं. कंट्रोल-सी पॅरेंटमध्ये इग्नोर केलंत तर चाइल्डमध्ये एक्झेकच्या आधी परत डिफॉल्ट करा, कारण इग्नोर केलेला सिग्नल एक्झेकनंतरही इग्नोरच राहतो. पण सगळ्यात आधी ती एफडी डिरेक्टरी उघडून बघा, प्रॉम्प्टवर असताना शेलकडे एक जरी पाइप दिसला तरी क्लोज राहिलाय.