चिखलातली शर्यत : पकड आणि बूट

प्रश्न : पुढच्या महिन्यात ५ किलोमीटरची चिखल-अडथळ्यांची शर्यत आहे. रंकाळ्याला रोज पळतो, पण दोरावर हात सुटतात. बूट चिखलात अडकतील का?
– एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : दम आहे, पकड कमी पडते. नुसत्या हातांनी ओला दोर चढवत नाही. दोर उजव्या पायाच्या बाहेरून सोडा, डाव्या पायानं तो उजव्या तळव्याखालून उचला आणि उजव्या बुटावर दाबून धरा. मग पायांवर उभं राहायचं. हात फक्त पुढची पकड घेतात. कोल्हापुरात तालमींना तोटा नाही, तिथल्या दोरावर सराव करा, शेवटी दोर भिजवून. उतरताना घसरू नका, तळहात सोलतात.

रोडचे बूट नकोत. तळाला ४ ते ६ मिलिमीटर खुंट्यांचे ट्रेल शूज (कच्च्या वाटांवर पळायचे बूट) घ्या. सुती मोजे पाणी धरतात, सिंथेटिक बरे. लेसला दुहेरी गाठ मारून टोकं आत खोचा. काळ्या मातीत पाय सरळ उपसला की बूट आतच राहतो. टाच हलवून हवा शिरू द्या, मग काढा. नवे बूट शर्यतीच्या दिवशी नकोतच!

खरचटलेलं लगेच साबणानं धुवा. पुढच्या काही आठवड्यांत ताप आलाच, तर डॉक्टरांना चिखलाचं आवर्जून सांगा. लेप्टोची (दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची) शंका त्यावरूनच येते.